प्रीफॅब आणि मॉड्युलर बांधकामात पर्यावरणाचं नेमकं काय वाचतं?

प्रश्न असा आलाय की प्रीफॅब (फॅक्टरीत तयार करून साइटवर जोडायचे भाग), प्रीकास्ट (त्यातले काँक्रीटचे, साच्यात आधीच ओतलेले), मॉड्युलर (ठरावीक मापाचे तयार भाग किंवा अख्ख्या खोल्या) या सगळ्याला सरसकट ग्रीन म्हणतात, कचरा ९० टक्के कमी, कार्बन निम्म्यावर वगैरे, तर यात खरं किती आणि सेल्सवाल्यांचं किती. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, प्रीकास्ट प्लांटमध्येही काम केलंय आणि तेच पॅनेल साइटवर उभे करून घेणाऱ्या बाजूलाही राहिलोय, त्यामुळे दोन्हीकडची गणितं माहितीयत. फायदा आहे, आणि तो चांगला मोठा होऊ शकतो. पण माल छपराखाली बनला म्हणून आपोआप ग्रीन होत नाही. छपराखाली बनवायचा तर डिझाइन आधीच पक्कं करावं लागतं, मटेरियल मोजून वापरता येतं, जॉइंटचा विचार आधी करून ठेवता येतो. ही संधी घेतली तर फायदा, नाही घेतली तर तीच जड बिल्डिंग फक्त ट्रेलरवरून आणलेली.

आधी बोजा कुठून येतो ते बघू म्हणजे पुढचं लवकर कळेल. जगात ऊर्जा आणि उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला साधारण ३४ ते ३७ टक्के इमारती आणि बांधकामाच्या खात्यावर पडतो, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या गेल्या काही वर्षांच्या रिपोर्टमध्ये असेच आकडे आहेत. यातला मोठा वाटा इमारत वापरताना लागणाऱ्या विजेचा आणि इंधनाचा, उरलेला मटेरियल बनवण्याचा. मटेरियलमध्ये सिमेंट आणि स्टील हे दोघंच मोठे, बाकी सगळे त्यामानाने चिल्लर. एकट्या सिमेंटचा जगाच्या कार्बनमध्ये ७ ते ८ टक्के वाटा आहे आणि गंमत म्हणजे त्यातला निम्म्याहून जास्त भाग भट्टीतल्या कोळशाचा नाहीच, तो चुनखडीतूनच निघतो. १००० किलो शुद्ध चुनखडी पुरेशी तापवली की ४४० किलोचा वायू होऊन उडून जातो आणि ५६० किलो चुना उरतो, हे दहावीतलं रसायनशास्त्र आहे. भट्टी उद्या सोलरवर चालवली तरी ते ४४० किलो निघणारच. म्हणून प्रीफॅबची खरी परीक्षा इथे घ्यायची, की सिमेंट आणि स्टील किलोमध्ये किती कमी झालं.

आता कचरा, कारण सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्यावरच. साध्या साइटवर काय होतं बघा. गवंडी भिंत बांधतो, मग इलेक्ट्रिशियन येऊन वायरसाठी कटरने भिंतीत झिऱ्या म्हणजे खाचा मारतो, मग प्लंबर येतो तो बाथरूमची अर्धी भिंत फोडतो, गवंडी परत येऊन ते सगळं मसाल्याने बुजवतो, आणि प्लास्टर झाल्यावर मालकाला आठवतं की बेसिन पलीकडच्या भिंतीला हवं होतं. प्रत्येक फेरीला राडारोडा. टाइलवाल्याचे कापलेले तुकडे वेगळे, सळईचे हातभर तुकडे वेगळे, ट्रान्झिट मिक्सरमध्ये अर्धा क्यूब (क्यूबिक मीटर) काँक्रीट उरलं की ते कुठल्यातरी खड्ड्यात, आणि शटरिंगचं प्लायवूड थोड्या वापरात फुगून फाटतं ते शेवटी शेकोटीत. प्लांटमध्ये कंड्युट म्हणजे वायरचे पाइप आणि स्विचचे बॉक्स सळईच्या जाळीला बांधूनच काँक्रीट ओततात त्यामुळे झिरी मारायचा प्रश्नच येत नाही, स्टीलचा मोल्ड शेकडो वेळा वापरला जातो, बारीक सळई कॉइलमधून मशीनवर सरळ होऊन हव्या त्या मापाला तुटते त्यामुळे तुकडे जवळपास उरत नाहीत. हा फरक खरा आहे, डोळ्यांना दिसतो.

फॅक्टरीत कचरा होत नाही असं नाही, पण तिथे तो वेगवेगळा आणि स्वच्छ पडतो आणि माझ्या मते हा फायदा लोक कमी लेखतात. जिप्सम बोर्डाचंच घ्या. साइटवर त्याचे तुकडे विटा, माती, प्लास्टिकमध्ये मिसळून डंपिंगला जातात आणि तिथे ओलावा असला, हवा नसली की बॅक्टेरिया त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तोच सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू. फॅक्टरीत तेच तुकडे एका पिंजऱ्यात जमा होतात आणि बोर्ड बनवणाऱ्याकडे परत पाठवता येतात. लाकडाचं, पत्र्याचं, थर्माकोलचंही तसंच.

तरी ९० टक्क्यांचा आकडा कोणी तोंडावर फेकला तर पहिलं विचारा की हा साइटवरचा कचरा की साइट अधिक फॅक्टरी मिळून, आणि वजनाने की आकारमानाने. साइट रिकामी आणि कचरा फॅक्टरीच्या मागच्या दाराने बाहेर, असाही ९० टक्के दाखवता येतो. आणि दुसरं म्हणजे कचरा कमी झाला म्हणजे कार्बन तेवढाच कमी झाला असं अजिबात नाही. समजा साइटवर ४ टक्के काँक्रीट वाया जातंय, ते शून्यावर आणलं तरी काँक्रीटचा कार्बन ४ टक्केच उतरतो. उरलेलं ९६ टक्के तर बिल्डिंगमध्येच आहे ना, हात घालायचा तो तिथे.

तिथे हात घालता येतो तो असा. २०० मिमीचा भरीव स्लॅब चौरस मीटरला साधारण ५०० किलो भरतो. त्याच जाडीचा हॉलोकोअर स्लॅब, म्हणजे लांबलचक बेडवर तारा ताणून त्यावर मशीनने काढलेला, आतून आरपार पोकळ्या असलेला, तो ३०० किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. वर ५० मिमी टॉपिंग म्हणजे काँक्रीटचा थर टाकला की १२० किलो परत वाढतात तरी बचत उरतेच, आणि प्रीस्ट्रेसिंग, म्हणजे त्या ताणलेल्या तारांचा दाब, असल्यामुळे तो तेवढ्याच जाडीत जास्त लांब स्पॅन घेतो. एकेक मजला हलका होत गेला की बीम, कॉलम, पाया सगळ्यांवरचा भार उतरतो आणि भूकंपाचा फोर्स वजनावरच ठरतो त्यामुळे तोही कमी धरावा लागतो. पोकळ स्लॅब साइटवर ओतताच येत नाही असं नाही, पण ती कटकट मोठी असते आणि घाईच्या कामात कोणी वाट्याला जात नाही, प्लांटमध्ये मात्र ते रोजचं काम आहे.

मोठ्या इमारतीचा नीट झालेला हिशोब हवा असेल तर लंडनचा आहे. क्रॉयडन भागात १०१ जॉर्ज स्ट्रीट नावाचे ४४ आणि ३८ मजल्यांचे दोन टॉवर मॉड्युलने उभे केले, २०२० मध्ये पूर्ण झाले. केंब्रिज आणि एडिनबरा नेपियर या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी ही इमारत आणि लंडनमधलीच आणखी एक मॉड्युलर इमारत घेऊन २०२२ मध्ये एम्बॉडीड कार्बन काढला, म्हणजे मटेरियल, वाहतूक, उभारणी सगळं धरून, तर तो नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत ४१ ते ४५ टक्के कमी निघाला. चांगलाच आकडा आहे. पण का कमी निघाला ते बघा, मॉड्युल स्टील फ्रेमचे, हलके, त्यामुळे काँक्रीट एकूणच खूप कमी लागलं. लिफ्ट आणि जिन्याचा मधला कोअर तिथेही जागेवरच ओतलाय. हाच आकडा उचलून काँक्रीटच्या खोक्यांना लावला तर ती फसवणूक आहे. सिंगापूरची क्लेमेंट कॅनोपी ४० मजली, १८६६ मॉड्युलची, आणि मॉड्युल काँक्रीटचे. इंजिनिअरिंग म्हणून जबरदस्त काम, आणि अशा कामात साइटवरची धूळ, आवाज, गर्दी नक्की कमी होते, पण काँक्रीटच्या खोक्यात वजन वाचवणं फार अवघड असतं.

आता प्लांटमधली ती गोष्ट जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. मोल्ड महाग असतो आणि तो रोज एकदा तरी रिकामा झालाच पाहिजे, प्रीकास्टचं सगळं अर्थकारण यावर चालतं. संध्याकाळी ओतलं की सकाळी उचलायचं. पहाटे ताडपत्री बाजूला करतात, रात्रभर पॅनेलशेजारीच ठेवलेले क्यूब म्हणजे चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे आणून मशीनमध्ये फोडतात, १५-२० एमपीए (ताकदीचं माप) आले की लिफ्टिंग हुकांना साखळ्या लावून पॅनेल हळूच सोडवायला घेतात. दोन-तीन एमपीए कमी आले की क्रेन थांबते, क्रेनमागे सगळी लाइन थांबते, आणि प्रॉडक्शनवाला थेट बॅचिंग प्लांटला, म्हणजे काँक्रीट मिसळतात तिथे, फोन करतो की फ्लाय ॲश (औष्णिक केंद्राची राख, सिमेंटऐवजी घालतात ती) काढ आणि सिमेंट २०-३० किलो वाढव. थंडीच्या दिवसांत तर हे ठरलेलंच. आणि असं एकदा वाढलेलं सिमेंट थंडी संपल्यावर कमी करायला कोणीच पुढे येत नाही, कारण चालू लाइनला हात कोण लावणार.

म्हणजे होतं काय की साइटवरच्या काँक्रीटला ताकद यायला २८ दिवस असतात, पायाला तर ५६ दिवसही देता येतात, त्यामुळे तिथे निम्म्यापर्यंत स्लॅग (ब्लास्ट फर्नेसची दळलेली मळी) किंवा भरपूर फ्लाय ॲश घालून सिमेंट कमी करता येतं, आणि प्लांटमध्ये बारा-चौदा तासांत उचलायचं म्हणून जवळपास शुद्ध ओपीसी, म्हणजे काही न मिसळलेलं साधं पोर्टलँड सिमेंट, पडतं आणि वर स्टीमचा बॉयलर चालतो. स्लॅब हलका करून जे कमावलं ते मिक्समध्ये घालवलं. मी अशी पॅनेल बघितलीयत ज्यांच्या एका क्यूब मीटरचा कार्बन साइटवरच्या काँक्रीटपेक्षा सरळ जास्त होता.

यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. स्लॅगला उब मानवते, ५०-६० अंशांवर ठेवलं तर तो खूप लवकर पकडतो, त्यामुळे स्टीम ज्यासाठी लावताय त्याचा उपयोग सिमेंट कमी करायलाही करून घ्या. पण ७० अंशांच्या वर जाऊ नका, नंतर वर्षांनी आतून फुगून भेगा पडायचा धोका असतो आणि असं पॅनेल बदलणं म्हणजे सगळा हिशोब पाण्यात. मोल्डवर चांगलं इन्सुलेटेड झाकण टाकलं तर काँक्रीटची स्वतःचीच उष्णता आत राहते आणि बॉयलर कमी चालतो. पाणी कमी आणि चांगला सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही काँक्रीट वाहतं ठेवणारं रसायन) हे तर आहेच. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे थोडे मोल्ड जास्त घ्या, काही पॅनेलना दोन रात्री मिळू द्या. खर्च दिसतो म्हणून कोणी ऐकत नाही.

स्टीलच्या मॉड्युलमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. लोहखनिजापासून ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या एक टन स्टीलमागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, भंगारापासून इलेक्ट्रिक आर्क फर्नेसमध्ये बनवलेल्याचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा वीज स्वच्छ असेल तर त्याहूनही कमी. त्यामुळे स्टील कुठल्या भट्टीतलं हे न विचारता फक्त वजन बघून उपयोग नाही. लाइट गेज म्हणजे पातळ पत्रा वाकवून केलेल्या फ्रेमला लागणारा पत्रा बहुतेक वेळा पहिल्या रस्त्याने आलेला असतो, हेही लक्षात ठेवा.

पूर्ण खोलीचं खोकं बनवून आणायचं याला व्हॉल्युमेट्रिक म्हणतात, आणि त्यात एक मटेरियल दोनदा लागायची गोष्ट असते. खालच्या खोक्याचं छत आणि वरच्याची जमीन, शेजारच्या दोघांच्या दोन भिंती, हे सगळं डबल होतं. शिवाय क्रेनने उचलताना आणि रस्त्याच्या हादऱ्यात खोकं वाकू नये म्हणून जास्तीचं स्टील घालावं लागतं जे बिल्डिंग उभी राहिल्यावर पुढे काहीच काम करत नाही. डबल भिंतीचा आवाज आणि आगीच्या दृष्टीने फायदा होतो हे मान्य, पण कार्बनच्या वहीत तो खर्चच आहे.

वाहतुकीचा एक कच्चा हिशोब देतो, स्वतः करून बघा. २५ टन प्रीकास्ट भरलेला ट्रेलर २०० किमी आला, टन-किलोमीटरला १०० ग्रॅम धरले तर ५०० किलो कार्बन. त्या २५ टनांत साधारण १० क्यूब काँक्रीट, क्यूबला ३०० किलो धरले तर ३ टन. म्हणजे २०० किमीतच सहावा हिस्सा वर चढला. ५०-६० किमीवरून आणलं तर हा भाग विसरून जावा इतका कमी. पॅनेल आणि हॉलोकोअर एकावर एक रचून येतात त्यामुळे ट्रेलर वजनाने भरतो, पण व्हॉल्युमेट्रिक खोक्यात मुख्यतः हवाच असते, ट्रेलर आकाराने भरतो आणि वजनाची क्षमता वाया जाते, वर रुंद माल म्हणून पुढे-मागे पायलट गाडी. याच्या उलट बाजूला साइटवर खडी, वाळू, विटा, टाइल, रोजची माणसं यांच्या फेऱ्या कमी होतात, तेही मोजायला हवं, प्रामाणिकपणे दोन्ही मोजा एवढंच म्हणणं. मला विचाराल तर सगळ्यात हुशार तडजोड म्हणजे बाथरूम पॉड. छोट्या जागेत पाइप, टाइल, वॉटरप्रूफिंग, वायर सगळं ठासून भरलेलं असतं, साइटवर सगळ्यात जास्त तोडफोड तिथेच होते, आणि ट्रेलरवर हवाही कमी जाते. बाकी घर पॅनेलने करा.

लाकडाबद्दल थोडक्यात. स्वीडनमधल्या शेलेफ्टिओ गावात सारा नावाचं २० मजली सांस्कृतिक केंद्र आणि हॉटेल २०२१ मध्ये उघडलं, त्यातल्या हॉटेलच्या खोल्या चिकटवलेल्या जाड लाकडी थरांचे तयार मॉड्युल म्हणून आल्या. लाकूड हलकं, फॅक्टरीत मशीनवर मिलिमीटरमध्ये कापता येतं, आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन इमारत असेपर्यंत आतच राहतो. जंगल परत लावलं जातंय का आणि लाकूड कुठून येतंय हे नीट असेल तरच, नाहीतर काही अर्थ नाही.

इमारत वापरतानाच्या विजेबद्दल फॅक्टरीचा फायदा असा की इन्सुलेशन पावसात भिजत नाही, कोणी घाईत कोपरा रिकामा सोडून पुढे जात नाही आणि खिडकीच्या फटी टेबलावर नीट सील होतात. पण हवा गळते ती पॅनेलमधून नाही, दोन पॅनेलच्या मधून, आणि तो जॉइंट साइटवरच भरला जातो, बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, मचाण उतरवायच्या घाईत. सॅंडविच पॅनेलमध्ये तर आतली आणि बाहेरची काँक्रीटची पाती जोडायला स्टीलचे कनेक्टर असतात, त्यातून उष्णता सरळ आत-बाहेर जाते आणि मधल्या इन्सुलेशनचा बराचसा फायदा निघून जातो. फायबरचे कनेक्टर मिळतात, थोडे महाग आहेत, तेच वापरा.

पाणी, धूळ, आवाज यात फारसा वाद नाही. सात-सात दिवस गोणपाट भिजवत राहावं लागत नाही, प्लांटमध्ये मिक्सर धुतलेलं पाणी टाकीत निवळून परत वापरता येतं, शेजाऱ्यांना कटरचा आवाज काही महिने कमी ऐकावा लागतो.

मग येतो तो दावा की मॉड्युलर बिल्डिंग उघडून दुसरीकडे परत उभी करता येते. तत्त्वतः हो. लंडनचा क्रिस्टल पॅलेस १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेच्या ठरावीक मापाच्या भागांतून उभा केला, नंतर उतरवून सिडनहॅमला नेला आणि १८५४ मध्ये बदललेल्या, आणखी मोठ्या रूपात परत उघडला. आणि उलट उदाहरण टोकियोचा नाकागिन कॅप्सूल टॉवर, १९७२ चा, १४० कॅप्सूल म्हणजे मधल्या कोअरला बोल्टने लावलेल्या तयार छोट्या खोल्या, मूळ कल्पना अशी की २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची आणि नवी लावायची. एकही बदलली गेली नाही. खालची काढायची तर आधी वरच्या काढाव्या लागणार, आणि प्रत्येकीचा मालक वेगळा, सगळ्यांचं एकमत कधी होणार. २०२२ मध्ये टॉवर पाडला, २३ कॅप्सूल तेवढ्या जपल्या. बोल्ट असूनही उपयोग झाला नाही हे त्यात महत्त्वाचं, कारण उघडायचा क्रम आणि मालकी याचा विचारच झाला नव्हता.

आजच्या प्रीकास्ट बिल्डिंगमध्ये तर बोल्टही नसतात बहुतेक ठिकाणी. भूकंपात इमारत एकसंध वागावी म्हणून सळया स्लीव्हमध्ये घालून ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरतात आणि मधल्या पट्ट्या जागेवर ओततात. ते योग्यच आहे, माणसं आधी. पण मग ती इमारत पुढे ब्रेकरनेच फुटणार, तेव्हा तिच्या नावावर पुनर्वापराचे गुण लावून घेऊ नका. कमी उंचीची शेड, शाळा, साइट ऑफिस, तात्पुरती वसतिगृहं इथे मात्र बोल्टेड स्टील मॉड्युल खरोखर दोन-तीन जागी फिरतात आणि तिथे हा फायदा पूर्ण धरावा.

आता तुम्हाला कोणाकडून मॉड्युलर करून घ्यायचं असेल तर त्यांच्याकडे ईपीडी मागा, म्हणजे त्यांच्या मालाचं पर्यावरणाचं प्रमाणित पत्रक, आणि त्यात नुसतं ए१ ते ए३, म्हणजे फॅक्टरीच्या गेटपर्यंतचं, दिलंय की वाहतूक आणि उभारणीचे ए४-ए५ पण दिलेत ते बघा. हे ए४-ए५ गायब असणं फार कॉमन आहे. मग विचारा की एका क्यूबला सिमेंट किती किलो, त्यात स्लॅग किंवा फ्लाय ॲश किती, किती तासांनी डिमोल्ड करता, म्हणजे मोल्डमधून काढता. समोरचा प्लांटचा माणूस असेल तर तिथल्या तिथे सांगेल, नुसता मार्केटिंगचा असेल तर विषय बदलेल. डिझाइन कधी फ्रीझ करायचं हेही आधीच ठरवा, कारण मोल्ड बनल्यावर खिडकी सरकवली की प्लांटमध्ये पॅनेल भंगारात जातं आणि ते भंगार साइटवरच्या फुटलेल्या विटेपेक्षा कितीतरी महाग आणि जड असतं.

आणि एकच छोटं घर आहे, फॅक्टरी ४०० किमीवर आहे, गल्लीत ट्रेलर वळत नाही, अशी परिस्थिती असेल तर खोक्यांच्या नादी लागू नका. सळई कापून वाकवून तयार आणा, जमलं तर बाथरूम पॉड आणा, काँक्रीटमध्ये स्लॅग टाकायला लावा, आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियनचं ड्रॉइंग भिंत बांधायच्या आधी पक्कं करून गवंड्याच्या हातात द्या, म्हणजे झिऱ्या मारायचं काम तरी वाचेल.